कटिंग मॅट, आठ महिन्यांनंतर: नागपूरच्या उन्हानं वाकवली, उन्हानंच सरळ केली

कागद कापताना पात्याखाली ठेवायची, ए3 मापाची ही हिरवी मॅट नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीतून 480 रुपयांना घेतली. पात्याचे चरे मिटतात का? मिटतात. त्यावर जास्त लिहीत नाही. मला बोलायचंय तिच्या सपाटपणाबद्दल.

मे महिन्यात लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी होतो. मॅट गच्चीवरच्या खोलीत भिंतीला टेकवलेली. आलो तर पापडासारखी वाकलेली, टेबलावर ठेवली की खाली बोट जाईल एवढी पोकळी. दुकानात नेली. "भाऊ, वाकल्याची गॅरंटी नसते." वेष्टनावर उष्णतेबद्दल एक अक्षर नाही. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या शहरात पीव्हीसीचा माल विकायचा आणि "आडवी ठेवा" एवढंही छापायचं नाही, याचा मला फार राग आला.

थोडी वाकली तर काय बिघडतं? मी दीक्षाभूमीच्या स्तूपाचं 1:200 कागदी मॉडेल करतोय. घुमटाचा व्यास 120 फूट, म्हणजे मॉडेलमध्ये 18.3 सेंमी. घेर साडेसत्तावन्न सेंमी. त्याच्या 24 पाकळ्या केल्या, तर तळाशी एक पाकळी जेमतेम 24 मिमी. मॅट डुलली की कागद सरकतो, पातं तिरकं जातं. पाकळीमागे अर्धा मिमी वाढला तरी शेवटी 12 मिमी होतात, म्हणजे अर्धी पाकळी! माझा पहिला घुमट तसाच गेला. तेवीस चिकटवल्या आणि चोविसावीला जागाच उरली नाही. तीन रात्रींचं काम आणि 300 जीएसएमची (म्हणजे जाड कागदाची) दोन शीटं वाया.

इथवर लिहून एकच तारा देणार होतो. पण आई म्हणाली, "उन्हानं वाकली ना, मग उन्हातच दाबून ठेव." नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. कडप्प्यावर मॅट, वर जुनी खिडकीची काच, पाऊण तास ऊन. मग तशीच उचलून घरात आणली आणि रात्रभर वर गव्हाचा डबा. सकाळी सपाट! एक कोपरा अजून रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका उचलतो, तेवढंच.

दुसरा घुमट त्याच मॅटवर कापला. शेवटची पाकळी फेविकॉल लावून सरकवली, सांध्यावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही.

आता तीन तारे. चौथा वेष्टनामुळे गेला. कापायला मॅट उत्तम आहे, घ्या. पण होळीनंतर गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. माझी आता दिवाणाच्या गादीखाली आडवी असते.