धुऊन वापरायचे सुती स्तनपान पॅड : साताऱ्यातील आठ महिन्यांचा अनुभव

मार्चमध्ये बाळंतपण होण्याच्या आदल्या आठवड्यात मी धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या सुती स्तनपान पॅडच्या सहा जोड्या मागवल्या. प्रत्येक पॅड गोल असून त्याला तीन थर आहेत: आत मऊ सुती कापड, मध्ये दूध शोषून घेणारा जाड थर आणि बाहेर ओल न झिरपू देणारे चकचकीत अस्तर. आठ महिने रोज वापरल्यानंतर त्यांचे गुणदोष सविस्तर सांगावेसे वाटतात, कारण विकत घेताना मला फक्त किंमत आणि रंग एवढेच कळले होते.

पहिले दोन दिवस चिकाचे दूध थोडे थोडे येत होते, त्यामुळे पॅडची गरजच पडली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून स्तन दगडासारखे घट्ट झाले आणि त्याच सुमारास स्तनाग्रांना भेगा पडल्या. पॅडच्या आतल्या शिवणीमुळे भेगा पडल्या असाव्यात, असे मला वाटले आणि मी दोन दिवस पॅड उलटसुलट करून पाहिले. घरी तपासायला आलेल्या परिचारिकेने बाळाला पाजताना पाहिले आणि लगेच म्हणाली, ‘‘ताई, पॅड बदलून काय होणार? आधी बाळाचं तोंड मोठं उघडू द्या.’’ बाळ केवळ स्तनाग्र चोखत होते. स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जाईल, हनुवटी स्तनाला टेकेल आणि खालचा ओठ बाहेर वळलेला राहील अशा रीतीने तिने त्याला धरायला शिकवले. दूध सोडवताना ओढून न काढता स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवायची, हेही तिनेच सांगितले. आठवड्याभरात भेगा भरल्या. दुखण्याचे मूळ पाजण्याच्या पद्धतीत असेल, तर महागातला पॅडही ते बरे करू शकत नाही, हे मी स्वतः भोगून सांगते आहे.

भेगांवर डॉक्टरांनी शुद्ध लॅनोलिनचे मलम दिले होते. मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे हे मलम पाजण्यापूर्वी पुसावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र त्याचा चिकटपणा पॅडवर बसला की पॅड दूध नीट शोषत नाही. अशा वेळी कोमट पाण्यात साबण घालून पॅड भिजत ठेवावे लागतात. कपडे मऊ करणारे द्रावण मी दोनदा वापरले आणि तेव्हाही शोषण कमी झाल्याचे जाणवले, म्हणून ते बंदच केले.

खरी परीक्षा आषाढात झाली. यवतेश्वराच्या बाजूने झड लागली की आमच्या घरात साधा रुमालही दिवसभरात वाळत नाही. तिथे बाहेरच्या अस्तरामुळे हे पॅड दुसऱ्या दिवशीही आतून दमट राहत. अस्तर वितळेल या भीतीने त्यांना इस्त्री करता येत नाही. रोज तीन जोड्या लागत असताना सहा जोड्या अपुऱ्या पडू लागल्या आणि एकदा घाईत दमट पॅड लावून मी अख्खी दुपार काढली. त्वचा पांढुरकी, मऊ पडली आणि खाज सुटली. तसे होऊ देऊ नये. सतत ओल राहिली की भेगा भरत नाहीत आणि बुरशीला वाव मिळतो.

यावर सासूबाईंनी उपाय काढला. त्यांच्या सासूबाईंच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे चार-चार पदर एकत्र घेऊन, गोधडीला घालतात तसे धावदोरे घालून त्यांनी आठ जोड्या शिवल्या. हे पॅड पिळून, टॉवेलात गुंडाळून दाबले आणि इस्त्री फिरवली की तासाभरात कोरडे होतात. भरल्यावर ओल बाहेर येते हा त्यांचा दोष आहे, पण घरात असताना तो मला कधी जाचला नाही.

सप्टेंबरमध्ये २६ आठवड्यांची रजा संपून मी पोवई नाक्याजवळच्या कार्यालयात रुजू झाले, तेव्हा मात्र अस्तराच्या पॅडची किंमत कळली. समोर आलेल्या एखाद्या बाईच्या कडेवरचे मूल रडले, तरी माझा पान्हा दोन्ही बाजूंनी एकदम फुटे आणि साडीवर डाग पडण्याच्या धास्तीने मी कामातून उठून जात असे. अस्तराच्या पॅडमुळे ती धास्ती संपली. दर तीन तासांनी पॅड बदलते. ओले पॅड ठेवण्यासाठी पर्समध्ये वेगळी पिशवी असते.

एक सावधगिरी. ऑक्टोबरमध्ये जाड पॅडवर घट्ट अंतर्वस्त्र घातल्याने एका बाजूला गाठ आली, तो भाग लाल झाला आणि ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिले, त्या बाजूनेही पाजत राहायला सांगितले, थंड शेक द्यायला सांगितले आणि गाठ जोराने चोळायला सक्त मनाई केली. तेव्हापासून पॅडसह मोजूनच एक माप मोठे अंतर्वस्त्र घेते.

आठ महिन्यांत बारांपैकी तीन पॅडचे अस्तर सुटले. उरलेले नऊ अजून चांगले आहेत. धाकट्या जावेचे बाळंतपण जानेवारीत आहे. तिच्यासाठी अस्तराच्या तीनच जोड्या मागवल्या आहेत आणि उरलेल्या लुगड्याच्या सहा जोड्या सासूबाई शिवत आहेत.