रिसलिंगच्या नावाखाली विकला गेलेला संच

पांढऱ्या वाइनच्या द्राक्षवाणांमध्ये रिसलिंगची ओळख एका बाटलीवर होत नाही. जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या स्लेट दगडाच्या उभ्या उतारांवरची, जेमतेम आठ-नऊ टक्के अल्कोहोल असलेली गोडसर वाइन, फ्रान्समधील आल्सासची कोरडी व भारदस्त वाइन आणि ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्याची, लिंबाच्या सालीचा वास येणारी खणखणीत कोरडी वाइन, या तिन्ही एकाच द्राक्षाच्या आहेत हे शेजारी शेजारी ठेवून चाखल्याशिवाय पटत नाही. शिकू पाहणाऱ्यांची ही गरज हेरून एका ऑनलाइन विक्रेत्याने निरनिराळ्या देशांतील रिसलिंगचा एक संच विक्रीस ठेवला होता. संचातील प्रत्येक बाटली याच एका वाणाची असेल आणि त्यात एक जुनी, मुरलेली बाटलीही असेल, असे त्याने लेखी कबूल केले होते. तो संच मी आगाऊ पैसे भरून मागवला. त्यातल्या निम्म्याहून अधिक बाटल्या रिसलिंगच्या नव्हत्याच, आणि जी जुनी म्हणून दिली होती तिचे साल खोटे होते.

सोबतच्या माहितीपत्रकात मात्र चुकीचे असे काही नव्हते, आणि विश्वास बसतो तो अशाच कागदांमुळे. रिसलिंगच्या वेलींची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची, जर्मनीतील र्‍युसेल्सहाइम येथील हिशेबांत सापडते; डीएनए तपासणीनुसार त्याच्या जनकांपैकी एक म्हणजे गुए ब्लाँ हा मध्ययुगात युरोपभर पसरलेला जुना वाण; हे सारे त्यात बरोबर छापलेले होते. एवढा अभ्यास असलेला माणूस बाटल्या भरताना वाणांची गल्लत करील, हे मला संभवनीय वाटत नाही. त्याने जे केले ते जाणूनबुजून केले, असे माझे ठाम मत आहे.

पहिली लबाडी नावांची होती. एका बाटलीवर 'लाश्की रिझलिंग', दुसरीवर 'रिसलिंग इटालियन' आणि तिसरीवर 'केप रिसलिंग' असे लिहिले होते. यांपैकी पहिली दोन वेल्शरिसलिंग या अगदी वेगळ्या वाणाची नावे आहेत. त्यालाच क्रोएशियात ग्राशेविना आणि हंगेरीत ओलासरिझलिंग म्हणतात. नावात साम्य असले तरी अस्सल रिसलिंगशी त्याचे नाते नाही, म्हणूनच इटलीत एकाला 'रिसलिंग इतालिको' आणि दुसऱ्याला 'रिसलिंग रेनानो' असे वेगळे ओळखतात. केप रिसलिंग म्हणजे क्रूशाँ हा मूळचा फ्रान्समधील वाण. दक्षिण आफ्रिकेत दीर्घकाळ त्यालाच नुसते 'रिसलिंग' म्हणत आणि खऱ्या रिसलिंगला 'ऱ्हाइन' किंवा 'वायसर' अशी विशेषणे जोडावी लागत. ऑस्ट्रेलियातील जुन्या बाटल्यांवरील 'हंटर रिव्हर रिसलिंग' हे सेमियों या दुसऱ्याच वाणाचे नाव होते आणि 'क्लेअर रिसलिंग' हेही क्रूशाँचेच. या वाणांना मी कमी लेखत नाही. ऑस्ट्रियातील नॉयझीडल सरोवराच्या काठी वेल्शरिसलिंगपासून अत्यंत सुरेख गोड वाइन होते. पण रिसलिंग शिकायला आलेल्या माणसाच्या हाती ती रिसलिंग म्हणून ठेवणे ही फसवणूकच आहे, कारण त्याने पैसे मोजलेले असतात ते जीभ आणि नाक तयार करण्यासाठी, आणि ती पहिली ओळखच चुकीची बसली तर पुढची प्रत्येक तुलना चुकते.

चवीतला फरक संचातली खरी मोझेलची बाटली उघडल्यावर स्वच्छ कळला. तिच्यात पांढऱ्या फुलांचा, पीचचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास पेला नाकाशी नेण्याआधीच येत होता. टर्पीन नावाची जी सुगंधी द्रव्ये द्राक्षाच्या सालीत असतात, त्यांची ही देणगी आहे. आंबटपणा असा धारदार होता की गोडवा असूनही घोट संपल्यावर तोंड स्वच्छ झाले. उलट केप रिसलिंगला आंबटपणा बेताचाच होता आणि वास जवळजवळ नव्हता. वेल्शरिसलिंगच्या बाटल्या आंबट होत्या खऱ्या, पण त्यांचा वास सफरचंद आणि गवत यांच्या पलीकडे जात नव्हता.

दुसरी लबाडी याहून गंभीर होती. मुरलेल्या रिसलिंगला पेट्रोल किंवा रॉकेलसारखा वास येऊ शकतो, आणि नवख्या माणसाला तो नेमका कसा असतो हे ठाऊक नसते. विक्रेत्याने नेमका याचाच फायदा घेतला. हा वास टीडीएन या संयुगाचा असतो. द्राक्षांतील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून तयार झालेली त्याची पूर्वद्रव्ये वाइनमध्ये हळूहळू विघटित होत जातात, तसा तो बाटलीत वाढत जातो, आणि घोसांवर ऊन जास्त पडले असेल तर अधिक जाणवतो. मला मिळालेल्या बाटलीला मात्र चिरून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येत होता आणि रंग तपकिरीकडे झुकला होता. ही हवा लागून खराब झालेल्या वाइनची लक्षणे आहेत. नीट मुरलेली रिसलिंग गडद सोनेरी होते, पण तिचा आंबटपणा जिवंत राहतो. यात तो विझलेला होता. तक्रार केल्यावर उत्तर आले, "सर, हाच तो प्रसिद्ध पेट्रोलचा वास, सवय व्हावी लागते."

तेव्हा मी बाटली उजेडात धरून निरखली. बाटलीच्या गळ्यावर द्राक्षे पिकल्याचे साल छापलेली जी अरुंद पट्टी असते, तिच्यावर २००१ असे होते. पण ती किंचित तिरकी चिकटवलेली होती आणि तिच्या खालच्या कडेने आधीच्या पट्टीच्या डिंकाची पुसट रेघ दिसत होती. मुख्य लेबलावर साल नव्हते. मागच्या बाजूला मात्र सरकारी परीक्षण क्रमांक होता. जर्मनीत क्वालिटेट्सवाइन आणि प्रेडिकाट्सवाइन या दर्जांच्या प्रत्येक वाइनला तो घ्यावाच लागतो, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे परीक्षणाचे वर्ष सांगतात. ते होते १२. बाटली काबिनेट, म्हणजे प्रेडिकाट्सवाइनमधील सर्वांत हलक्या दर्जाची होती; अशी साधी वाइन द्राक्षे पिकल्यावर अकरा वर्षांनी परीक्षणाला जाते, यावर कोण विश्वास ठेवील?

या क्रमांकाचे आणि पट्टीचे छायाचित्र पाठवल्यावर त्या एका बाटलीचे पैसे परत मिळाले, तेही बँकेकडे व्यवहाराविरुद्ध हरकत नोंदवल्यानंतर. बाकीच्या बाटल्यांवरची नावे त्या त्या देशांत रूढ आहेत, असे सांगून विक्रेत्याने हात झटकले. नावे रूढ आहेत हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार त्याच्या 'एकाच वाणाच्या' या लेखी शब्दाबद्दल होती, आणि त्याला त्याने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. असा संच कोणी घेणार असेल तर प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलाचे स्पष्ट छायाचित्र आधी मागावे, वाणाचे नाव बिनविशेषण 'रिसलिंग', किंवा इटलीची बाटली असल्यास 'रेनानो', असे आहे का ते पाहावे, आणि जर्मन बाटली जुनी म्हणून विकली जात असेल तर परीक्षण क्रमांकाचे शेवटचे आकडे सालाशी ताडून पाहावेत. तो संच आजही विक्रीस आहे. जाहिरातीत बदल झाला आहे तो इतकाच, की 'एकाच वाणाच्या' या शब्दांच्या जागी आता 'रिसलिंग घराण्याच्या' असे छापलेले आहे.