गॅरेजमधल्या रॅकचे खण: एक पावसाळा आणि सगळे सण काढल्यावरचा अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही गॅरेजमध्ये स्लॉटेड अँगलचे, म्हणजे ओळीनं छिद्रं पाडलेल्या काटकोनी पट्ट्यांचे, दोन लोखंडी रॅक बसवून घेतले. दोन्ही सात फुटी, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, प्रत्येकी सहा फळ्या. आता पावसाळा, गौरी-गणपती, दसरा-दिवाळी सगळं त्यांच्यावरून गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. रॅकवर मी खूश आहे. पण ही खुशी निम्म्याहून जास्त खणांच्या उंचीमुळे आहे, आणि नेमकी तीच गोष्ट घेताना कुणी विचारत नाही. किती फुटी, किती फळ्या, किती वजन पेलतो, एवढं विचारून झालं की बाकीचं फिटरवर सोपवलं जातं.

आमचाही फिटर आला तो पाना हातात घेऊनच. "वहिनी, सहा फळ्या हायत, सारखं खण पाडतो की. बघायला देखणं दिसतंय." दिसलं असतं देखणं. पण सात फुटांत सहा फळ्या सारख्या वाटल्या की प्रत्येक खण साधारण १६ इंचांचा होतो. त्यात तेलाचा १५ किलोचा डबा जेमतेम शिरतो, काढताना बोटं घालायला जागा उरत नाही. आणि त्याच १६ इंचांत खिळे-स्क्रूचे डबे ठेवले की त्यांच्या डोक्यावर अर्धा खण नुसती हवा.

म्हणून आम्ही आधी सगळा माल गॅरेजच्या फरशीवर मांडला. सासरे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने करायचं, काम केलेले. त्यांनी सगळं उंचीप्रमाणे रांगेत लावायला सांगितलं आणि टेप माझ्या हातात दिली. "पॅटर्न करताना बीड आटायची सूट धरतात, तशी इथं हाताची सूट धर," म्हणाले. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम थंड होताना साधारण शंभराला एक या हिशेबाने आटतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. वस्तूच्या मापाचा खण केला तर तो लहानच पडणार, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

हिशेब असा बसला. फळीच्या पत्र्याला चारही बाजूंनी खाली दुमडलेली कड असते. आमच्या फळीची ती सव्वा इंच आहे. त्यामुळे फळी ते फळी १८ इंच धरले, तर आत मोकळे पावणेसतराच मिळतात. ही कड दुकानात कुणी सांगत नाही, टेप लावूनच बघावी लागते. मग वस्तूची उंची, अधिक कड, अधिक हाताची सूट. नुसतं पुढं ओढून काढायच्या क्रेटला एक इंच सूट पुरते. वरून धरून उचलायच्या वस्तूला दोन-तीन इंच तरी हवेत. अँगलची छिद्रं ठराविक अंतरावर असल्यामुळे फळी हवी तिथं लागत नाही. आमच्यात तो टप्पा इंचाचा आहे, तेव्हा बेरीज अपूर्णांकात आली की वरचा इंच धरायचा.

तेलाच्या डब्याचंच घ्या. डबा १४ इंच उंच, सव्वानऊ इंच रुंद. सरळ बेरीज केली तर सव्वासतरा येतात. पण भरलेला १५ किलोचा डबा कुणी सरळ उचलून बाहेर काढत नाही. आपण तो पुढच्या काठावर कलता करतो, मग खालून हात घालतो. कलता केला की मागचा वरचा कोपरा वर जातो. या डब्याचा कर्ण १६.८ इंच, म्हणजे पुरता कलंडला तर कोपरा तिथवर पोचणार. १८ इंचांच्या खणात मोकळे पावणेसतरा असतात आणि डबा तेवढा पुरता कधीच कलत नाही. त्यामुळे तो अलगद बाहेर येतो. आज इतक्या महिन्यांत त्या खणाच्या वरच्या कडेला एकही ओरखडा नाही. उंच आणि जड वस्तूसाठी नुसती उंची मोजू नका, कर्ण काढून बघा.

पहिल्या रॅकच्या फळ्या जमिनीपासून अशा लागल्या: १६, ३४, ४६, ५६, ६८ आणि ८३ इंच.

खालची फळी १६ इंचांवर का, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि माघारी फिरतं. नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथं पोराटोरांना पाठ असतात. रॅकमुळे महापुरातून सामान वाचेल असं मात्र कुणी समजू नये. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिला, त्यांना माहीत आहे की तसं पाणी आलं तर १६ इंच काय आणि तीन फूट काय. तेव्हा सामान वरच्या मजल्यावरच न्यावं लागतं. पण जोराच्या पावसात रस्त्यावरचं गुडघ्याच्या आतलं पाणी गॅरेजमध्ये शिरणं, हा प्रकार कितीतरी जास्त वेळा होतो. त्यासाठी या १६ इंचांनी या पावसाळ्यात काम केलं. खाली स्टेपनी आणि प्लॅस्टिकच्या बादल्या, म्हणजे भिजून बिघडणार नाही असंच सामान ठेवलंय. पाणी उतरल्यावर गाळ काढायला खराटा आणि पाइप आरपार जातो. जमिनीलगत फळी असती तर तिच्याखालचा गाळ तिथंच वाळून दगड झाला असता, आणि उंदरांना आयती जागा.

मात्र खालची फळी अशी वर घेतली की रॅकचं वजन वर सरकतं आणि तो पुढं कलंडायची भीती वाढते. म्हणून दोन्ही रॅक वरच्या अंगाला भिंतीत फास्टनर मारून जखडलेत. हे केल्याशिवाय खालची फळी उचलू नका, विशेषतः घरात चढउतार करणारी मुलं असतील तर. पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे घातलेत. अँगलच्या पायात प्लॅस्टिकचे बूट येतात, पण त्यात पाणी साठून तिथूनच गंज धरतो. आम्ही ते काढून टाकले.

१६ ते ३४ हा तेलाच्या डब्यांचा आणि रंगाच्या मोठ्या बादल्यांचा खण. जड सामान इथं, कारण गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली हात सहज पोचतो, पाठ वाकत नाही. तीन फुटांत तीन डबे मोकळे बसतात. मागं-पुढं दोन रांगा लावल्या तर साडेअठरा इंच लागतात आणि फळी अठराची, तेव्हा पुढची रांग अर्धा इंच बाहेर डोकावते. चालतंय.

त्याच्यावरचा १२ इंचांचा खण सासऱ्यांच्या हत्यारांचा. ४६ ते ५६ हा दहा इंचांचा खण मात्र माझ्या मते सगळ्या रॅकचा जीव आहे. फिटरला तो अजिबात पटला नव्हता, "एवढ्यात काय बसतंय" म्हणाला. त्यात उभट नाही असं सगळं बसतं: स्क्रू, वॉशर, नळाचे सुटे भाग, इलेक्ट्रिकचं किडूकमिडूक, सायकलचं पंक्चरचं सामान, सगळं क्रेटमध्ये. सासूबाईंची उंची पाच फूट. ही जागा त्यांच्या छातीपासून डोळ्यांपर्यंत येते, त्यामुळे क्रेट न काढताही आत काय आहे ते त्यांना दिसतं. रोज उघडला जाणारा खण हाच. पूर्वी होल्डर किंवा नळाचा वायसर हवा असला की अख्खं घर शोधायचं, आता त्या स्वतः जाऊन आणतात. दीड फूट खोल आणि दहा इंच उंच खणात मागं अंधार होतो, म्हणून ट्यूब रॅकच्या डोक्यावर न लावता समोरच्या भिंतीवर लावली. उजेड सरळ आत जातो.

६८ च्या फळीवर सासूबाईंची बोटं टेकतात, पण डबा उतरवता येत नाही. म्हणून तिथं त्यांच्या वापराचं काही नाही. सासऱ्यांनी जपून ठेवलेले लाकडी पॅटर्न तिथं आहेत. लाकडाला ओल लागली की ते फुगतं आणि माप जातं, त्यांना उंच आणि भिंतीपासून सुटी जागा हवी. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढं उभे केलेत. ऑगस्टमध्ये मागची भिंत हाताला दमट लागत होती तेव्हाही पॅटर्न कोरडे होते. सासरे अधूनमधून हात फिरवून बघतात.

दुसऱ्या रॅकमध्ये सगळ्यात वर २१ इंचांचा खण आहे. तो गणपतीच्या मखराचा. मखर, आकाशकंदील, माळा, गौरीचे मुखवटे ठेवायची पेटी, सगळं हलकं पण अवजड. असं सामान वर्षातून एकदा-दोनदा निघतं, तेव्हा स्टूल घ्यावं लागलं तरी हरकत नाही. मोठी परात मात्र दीड फूट खोल फळीवर मावतच नाही, ती भिंतीला खुंटीवर टांगली.

आता तक्रारी.

ठरलेल्या फळ्या २० गेजच्या होत्या, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर पत्रा. आलेल्या फळ्यांत दोन हलक्या लागल्या. वजनकाट्यावर ठेवल्या तर बाकीच्यांपेक्षा पाऊण किलोने कमी, म्हणजे २२ गेजच्या. दुकानदाराने कुरकुरत बदलून दिल्या. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, वजन करून घ्या. रॅक बहुतेक ठिकाणी किलोवर विकतात, त्यामुळे काटा तिथंच असतो. भाव मी लिहीत नाही, पत्र्याचा दर सारखा हलतो.

दुसरं, कोपऱ्यातल्या गसेटच्या तिकोनी पट्ट्या. रॅक डुलू नये म्हणून त्या लागतातच, पण खणाच्या तोंडाचा वरचा कोपरा त्या खातात. उंच वस्तू कडेला शिरत नाही, मधूनच घालावी लागते. शिवाय अँगलची जाडी आणि आत आलेली बोल्टची टोकं धरली तर तीन फुटांची फळी आत ३५ इंचांचीच समजायची. क्रेट घेताना बूड न मोजता वरचा पसरट काठ मोजा. शेजारच्या काकूंनी १८ इंची क्रेट आणले, दोन शेजारी बसेनात.

तिसरं, बोल्ट. दिवाळीच्या आधी हात लावून बघितलं तर बरेच सैल झाले होते. पुन्हा आवळले, आता घट्ट आहेत. आणि जिथं पाना घसरून पावडर कोटिंग उडालं, तिथं पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके आले. घासून रंगाचा हात दिला.

कुणी चार फूट रुंद फळी सुचवली तर विचार करून घ्या. तेवढंच वजन, तोच पत्रा, फक्त लांबी तीनाची चार फूट केली, तर बाक जवळजवळ २.४ पट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. आणि फळी बाकली की खालच्या खणाची उंची मधोमध कमी होते, म्हणजे गसेट टाळून जिथं उंच वस्तू ठेवायची तिथंच. चार फूट हवेच असतील तर फळीखाली मधोमध आडवी पट्टी मारून मागा, आणि तिची जाडी खणाच्या हिशेबात धरा.

इन्व्हर्टरची बॅटरी रॅकवर ठेवली नाही. ट्यूब्युलर बॅटरी भरलेली असली की पन्नास किलोच्या पुढं जाते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि डिस्टिल्ड वॉटर घालायला डोक्यावर भरपूर मोकळी जागा लागते. तिच्यासाठी दाराजवळ, वारं खेळतं तिथं विटांचा कट्टा बांधला. पेट्रोलचा कॅनही गॅरेजमध्ये ठेवत नाही. थिनरची एकच लहान बाटली आहे, ती ३४ च्या फळीवर. खाली ठेवली तर पाण्यात तरंगून उपडी होईल, वर ठेवली तर काढताना डोक्यावर पडेल.

येत्या उन्हाळ्यात एकच बदल करायचाय. दिरांनी बुलेटचं सामान वाढवलंय आणि त्याला दुसऱ्या रॅकचा १२ इंचांचा खण पुरत नाही. वरच्या मखराच्या खणातले दोन-तीन इंच खाली देता येतील, मखराची पेटी मोजून ठेवलीय, बसते. त्यासाठी खण रिकामे करून मधल्या फळ्या वर सरकवाव्या लागतील. दोघं असले तर तासाभराचं काम, एकट्याने करू नये. एकाने फळी धरायची, दुसऱ्याने आधी मागचे बोल्ट लावायचे, मग पुढचे. नवीन रॅक घेणाऱ्यांनी दुकानातून मूठभर नट-बोल्ट आणि एक फळी जादा मागून घ्यावी. नंतर सुटी घ्यायला गेलं की त्याच कडेची, त्याच छिद्रांची फळी मिळेलच असं नाही.