बोआची उपजात ओळखण्यासाठी यूएसबी मायक्रोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. दोन हजारांच्या आत मिळणारा, धातूच्या स्टँडचा साधा यूएसबी डिजिटल मायक्रोस्कोप बोआ या अमेरिका खंडातल्या मोठ्या, बिनविषारी सापाची उपजात ठरवायला खरोखर उपयोगी पडतो. मात्र तो सापावर धरायचा नाही, कातेवर धरायचा. आणि खोक्यावर छापलेले '१००० पट' विसरून सगळ्यात कमी मोठेपणावर ठेवायचा.

माझ्याकडे हे यंत्र आले ते द्राक्षांमुळे. पिंपळगाव बसवंतला काकांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडीवरचा डोळा कापून आत सूक्ष्मघड आहे का, हे पाहायला त्यांना काहीतरी हवे होते. काडी तपासणीसाठी लॅब आहेतच, पण घरच्या घरी अंदाज आलेला बरा, म्हणून मागवले. पानामागचे लाल कोळी आणि थ्रिप्स यात इतके स्वच्छ दिसतात की भिंग पुन्हा हातात घ्यावेसे वाटत नाही. हंगाम संपला आणि यंत्र नाशिकला माझ्या टेबलावर आले.

माझ्याकडे एक मादी बोआ आहे, चंद्रा. परदेशी स्थायिक झालेल्या मित्राने ती माझ्याकडे सोपवली. केंद्र सरकारने २०२० मध्ये विदेशी प्राण्यांची माहिती स्वतःहून कळवायला सांगितले होते, तेव्हाच त्याने तिची नोंद केली होती. पुढे २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आली, मग २०२४ चे नियम आले आणि सगळी नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर गेली. तिच्या जुन्या कागदावर नाव होते 'रेड टेल बोआ, बोआ कन्स्ट्रिक्टर कन्स्ट्रिक्टर'. तिची शेपटी बघितली की मला हे नाव पटत नसे. दक्षिण अमेरिकेच्या खऱ्या रेड टेलची शेपटी रक्तासारखी लाल असते. चंद्राची विटकरी आहे.

नावाने काय फरक पडतो, असे बरेच जण विचारतात. फरक पडतो. बोआ कन्स्ट्रिक्टर सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण त्यातली अर्जेंटिनाकडची ऑक्सिडेंटॅलिस ही उपजात पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. शिवाय पूर्ण वाढ किती होणार, पिंजरा केवढा लागणार, हेही उपजातीप्रमाणे बदलते. आणि कधी पिल्ले झाली तर? बोआ अजगरासारखी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, एका वेळी डझनांनी. त्या प्रत्येक पिल्लाच्या कागदावर चुकीचे नाव जाईल.

बोआची ओळख मुख्यतः तीन मोजण्यांवर चालते. शरीराच्या मध्यावर पाठीच्या खवल्यांच्या किती ओळी, पोटावरचे रुंद आडवे खवले किती, आणि मानेपासून गुदद्वारापर्यंत पाठीवर किती सॅडल, म्हणजे खोगिरासारखे गडद पट्टे. शेपटीवरचे सॅडल यात धरायचे नाहीत. खवल्यांची संख्या जन्मालाच ठरते. साप वाढतो तसा खवला मोठा होतो, संख्या तीच राहते. म्हणून हातभर पिल्लाची कात आणि सात फुटी मादीची कात एकच आकडा देतात. रंगाचे तसे नाही, तो वयाने, कात जवळ आली की, अगदी रात्र-दिवसानेही बदलतो.

जिवंत सापावर मध्याच्या ओळी मोजणे जवळजवळ अशक्य. तो श्वास घेतो, सरकतो, आणि त्याला दाबून धरणे मला मान्य नाही. कात मात्र निवांत असते. मी ती कोमट पाण्यात भिजवतो, मध्य काढतो आणि तिथला वीतभर भाग पोटाच्या एका कडेने कापून काचेवर पसरतो. काचेखाली पांढरा एलईडी दिवा. मायक्रोस्कोपचे स्वतःचे दिवे बंद, कारण ओल्या कातेवर त्यांची चकाकी येते आणि कडा पुसल्या जातात. कोरड्या कातेला ते वापरायचेच असतील तर त्यांच्यावर बटर पेपरचा तुकडा लावा. खालून उजेड आला की प्रत्येक खवल्याची कड शाईने आखल्यासारखी दिसते. पोटखवल्यालगतच्या पहिल्या ओळीपासून तिरके वर जायचे, पाठीचा कणा ओलांडून पलीकडच्या पोटखवल्यापर्यंत. सरळ आडवे मोजू नका. पाठीवर खवले बारीक होत जातात आणि ओळ हमखास सुटते.

इथेच यंत्राची मर्यादा कळते. मोठेपणा वाढवला की पडद्यावर चार-पाच खवले उरतात आणि आपण कुठल्या ओळीत आहोत हेच कळेनासे होते. म्हणून सर्वांत कमी मोठेपणा, स्टँड पूर्ण वर, आणि दर दहाव्या खवल्यावर मार्करचा ठिपका. प्लॅस्टिकचा लवचीक स्टँड असलेला प्रकार घेऊ नका, तो बोट लागले तरी हलतो. सोबतचे मोबाईल ॲप मला आवडले नाही. लॅपटॉपला जोडून साध्या कॅमेरा प्रोग्रॅममध्ये चित्र जास्त चांगले येते.

पोटखवल्यांसाठी हे यंत्र नकोच. सहा-सात फूट कात त्याच्याखालून सरकवणे म्हणजे पूर्ण दुपार जाते. मी कात वाळवून, पारदर्शक फोल्डरमध्ये तुकड्यातुकड्याने घालून, कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर स्कॅन करून आणली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर उघडी कात ठेवायची नाही, आणि घरीही हात साबणाने धुवायचे. दुकानदार काकांनी कात उजेडात धरून बराच वेळ पाहिली, आणि पुढच्या वेळी आपल्या नातवाला बोलावून ठेवले. मोजणी दोन्ही बाजूंचा पहिल्या ओळीचा खवला ज्याला टेकतो त्या पोटखवल्यापासून सुरू करायची, आणि गुदद्वारावरचा खवला सोडून द्यायचा.

चंद्राचे आकडे प्रत्येक चांगल्या कातेत तेच आले: मध्यावर ६७ ओळी, पोटावर २३९, आणि पाठीवर २५ सॅडल. आता हे जुळवून बघा. बोआ कन्स्ट्रिक्टर कन्स्ट्रिक्टरला मध्यावर ८१ ते ९५ ओळी असतात, तर मध्य अमेरिका आणि कोलंबियाकडच्या इम्पेरेटरला ५५ ते ७९. कागदावरचे नाव इथेच बाद झाले. सॅडलही तेच सांगतात: खऱ्या रेड टेलला ते कमी, इम्पेरेटरला साधारण २२ किंवा जास्त. ब्राझील-बोलिव्हियाकडची अमराली? तिच्या ओळी ७१ च्या खाली जात नाहीत. ऑक्सिडेंटॅलिसच्या ओळी ६५ ते ८७, म्हणजे ६७ तिच्यातही बसतात. पण तिचे पोटखवले २४२ ते २५१, आणि अंग इतके काळपट की चंद्राशी गल्लत होणार नाही. पेरूच्या टुंबेसकडची लाँगिकॉडा ओळी आणि पोटखवले दोन्हींत बसते, मात्र तिचे सॅडल १९ ते २१. एकच आकडा घेऊन बसले तर फसगत होते, ती अशी. तिन्ही एकत्र लावले की इम्पेरेटर उरते.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने बोआ कन्स्ट्रिक्टरला १७५८ मध्ये नाव दिले, फ्रेंच शास्त्रज्ञ दोदँने इम्पेरेटरला १८०३ मध्ये. पुढे दीर्घकाळ इम्पेरेटर उपजात मानली गेली. अलीकडे जनुकीय अभ्यासांनंतर तिला स्वतंत्र प्रजाती धरतात. पाळणाऱ्यांच्या बोलण्यात अजून 'बीसीआय' (बोआ कन्स्ट्रिक्टर इम्पेरेटर) आणि 'बीसीसी' (बोआ कन्स्ट्रिक्टर कन्स्ट्रिक्टर) हेच चालते आणि त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते कोलंबियातल्या प्रत्येक बोआला रेड टेल म्हणून विकणे. त्या देशात अँडीजच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला दुसरी अशा दोन्ही आहेत.

मायक्रोस्कोपला जे जमत नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. बंदिवासात संकर झालेल्या बोआचे आकडे मधेच कुठेतरी पडतात, आणि तिथे कुठलेही भिंग आईबाप सांगू शकत नाही. मूळ ठिकाणाची नोंद नसेल तर 'निकाराग्वाची', 'होंडुरासची' अशी नावे निव्वळ अंदाज असतात. मॉर्फ, म्हणजे निवडून पैदास केलेला वेगळ्या रंगाचा प्रकार, असेल तर रंगावरून उपजात ओळखण्याचा प्रयत्नच करू नये. खवले मोजावेत, तेवढेच भरवशाचे.

एक फायदा मात्र खरेदी करताना डोक्यात नव्हता: माइट. कातेच्या डोळ्यांवरच्या टोप्या आणि हनुवटीची घडी यंत्राखाली घेतली की सापावरचे गोचीडवजा किडे सुरुवातीलाच दिसतात. द्राक्षावर कोळी शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना हे काम सोपे जाते. डोळ्याची टोपी कातेत नसेल तर ती सापाच्या डोळ्यावर राहिली आहे, हेही तिथेच कळते.

नाशिककरांसाठी एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा थंड आणि कोरडी असते आणि कात तुकड्यांत निघते. फाटलेल्या कातेवर मोजणी होत नाही. सापाचे डोळे दुधाळ निळे झाले की पिंजऱ्यात ओल्या शेवाळाचा डबा ठेवा आणि उबदार बाजू ३१-३२ अंशांवर टिकवा. डोळे पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर काही दिवसांत कात एकसंध उतरते.

चंद्राच्या नोंदीत मी आता 'बोआ इम्पेरेटर, मूळ ठिकाण माहीत नाही' अशी दुरुस्ती मागितली आहे, सोबत स्कॅन आणि मध्यभागाचे फोटो जोडून. फक्त उपजातीसाठी घ्यायचा असेल तर स्कॅनरवर भागते, हे यंत्र घेऊ नका. माइटची भीती असेल, घरात बाग असेल किंवा शाळकरी मुले असतील, तर जरूर घ्या. आणि घ्या किंवा नका घेऊ, पुढची कात फेकू नका: वाळवून, तारीख लिहून, कागदी पाकिटात ठेवा.