म्हाताऱ्या मांजरासाठी काय बरं: बुटका ट्रे की कापलेला स्टोरेज बॉक्स?

मांजर लिटर बॉक्सबाहेर, म्हणजे त्याच्या संडासाच्या खोक्याबाहेर, लघवी करायला लागलं, तर आधी डॉक्टर, मग बॉक्स. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड यांत लघवीच वाढते, आणि मूत्राशयाला सूज असेल तर कितीही चांगला बॉक्स आणा, उपयोग नाही. बोका सारखा जाऊन कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

तपासण्या झाल्या आणि सगळं सांध्यांवर आलं, की मग हा प्रश्न उरतो. सांधे दुखणं या वयात अपवाद नाही: १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली होती.

झाकणवाला बॉक्स मी यात धरतच नाही. वाकून आत शिरायचं आणि अडचणीत वळायचं, हेच तर त्या मांजराला जमत नसतं.

बुटक्या ट्रेचे गुण खरे आहेत. आणला, लिटर (मांजराच्या संडासासाठीची वाळू) ओतलं, झालं. धुवायला हलका, आत शिरायला सोपा. अडचण शिरल्यानंतरची. मागचे पाय दुखणारं मांजर पूर्ण खाली बसत नाही; ढुंगण वर राहतं आणि धार जवळजवळ आडवी जाते. चारही पंजे ट्रेमध्ये, मांजराच्या परीनं सगळं बरोबर, आणि लघवी कडेवरून बाहेर. ती बाहेरच्या अंगानं ओघळून ट्रेखाली जाते, वरून दिसतही नाही. वास मुरला की मांजर त्याच जागेला संडास समजतं. यावर उपाय म्हणून वर उंच कड बसवायचे ट्रे मिळतात, पण बऱ्याच ट्रेंमध्ये ती कड खालच्या भागाच्या बाहेरून बसते, त्यामुळे धार थेट दोन भागांच्या सांध्यात शिरते. रोज ट्रे उचलून खालची फरशी पुसायची, या एका कटकटीनं माझा कौल फिरला.

एका बाजूला दार कापलेल्या स्टोरेज बॉक्सला असा सांधाच नाही. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या मापाच्या दीडपट, म्हणजे साधारण ६५ ते ७० सें.मी., आणि भिंती ३० सें.मी.च्या वर. काचेसारखं कडक पारदर्शक प्लास्टिक घेऊ नका, कापताना तडकतं. दुधी, दाबल्यावर किंचित वाकणारं घ्या. दार २० ते २२ सें.मी. रुंद, उंबरा ६ ते ८ सें.मी. मार्करनं आखा, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ड्रिलनं आधी भोकं पाडा आणि मगच कापा. कोपरा गोल राहिला की चीर पुढे पळत नाही. कडा पॉलिश पेपरनं घासा, बोट फिरवून खरखर लागली तर पुन्हा घासा.

दार कुठे ठेवायचं, हे मात्र मांजर बघून ठरवा. आत गेल्यावर वळत असेल तर आखूड बाजूला चालेल. वळत नसेल तर ढुंगण दाराकडेच राहतं आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा मांजरासाठी लांब बाजूला, एका कोपऱ्याजवळ कापा. तिथून आत शिरताना अंग तिरकं होतं आणि मागे सहसा उंच भिंत येते.

लिटर बारीक, बिनवासाचं, गुठळी होणारं, ४ सें.मी. थर. लाकडी पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या कांड्या) स्वस्त पडत असतील, पण दुखऱ्या पंजांना टोचतात, आणि लघवीनं त्यांचा भुसा होतो. गुठळ्या मोजता येतात: रोज तीन निघायच्या तिथे मोठाल्या पाच निघाल्या, तर डॉक्टरांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी नेमकं असतं.

तुमचं मांजर अजून नीट खाली बसत असेल, तर बुटका ट्रे पुरे, उगीच कापाकापी नको. ६ सें.मी.चा उंबराही ओलांडवत नसेल, तर लघवीचे पॅड अंथरून चारही कडा चिकटपट्टीनं बसवा, नाहीतर उकरताना गोळा होतात. बाकी बहुतेकांना मी बॉक्सच सुचवेन.

जुनी मुरलेली जागा एन्झाइमच्या क्लीनरनं भिजवा आणि आपोआप वाळू द्या. ब्लीच नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. नवा बॉक्स जुन्याशेजारी ठेवा, आणि जुना सलग आठवडाभर कोरडा राहिल्याशिवाय उचलू नका.