ब्रिटनमधली निवृत्तीची बचत: कंपनीची पेन्शन की लाइफटाइम आयसा?

पुण्या-मुंबईहून लंडन, रेडिंग, लेस्टरला नोकरीसाठी आलेल्यांना पहिल्या पगारातली पेन्शनची कपात हमखास खटकते. ‘दोन-तीन वर्षांत परतायचंय, हे झेंगट कशाला?’ म्हणून काही जण ती बंद करायला निघतात. त्यातच कोणी लाइफटाइम आयसाचं (ब्रिटनमधल्या एका करमुक्त बचत खात्याचं) नाव काढतं: सरकार बोनस देतं, शेवटी करही नाही.

कपात बंद करू नका. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमानुसार, २२ वर्षांपासून सरकारी पेन्शनच्या वयापर्यंतच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त कमावणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव कंपनीला पेन्शन योजनेत घालावंच लागतं. पगाराच्या ६,२४० ते ५०,२७० पौंड या पट्ट्यावर किमान ८ टक्के जमा होतात. त्यात कंपनीचे ३, तुमचे ४ आणि १ टक्का करसवलतीचा. पगार ३५,००० असेल तर तुमच्या खिशातून साधारण १,१५० पौंड जातात आणि खात्यात २,३०० पडतात. गुंतवणूक वाढण्याआधीच दुप्पट! बाहेर पडलात तर कंपनीच्या वाट्याचे ८६० पौंड पगारात मिळत नाहीत, ते कंपनीकडेच राहतात. काही कंपन्या किमानाहून जास्त भर घालतात. ‘तुम्ही ६ टाका, आम्ही ६ टाकतो’ असं असेल तर ६ टाकाच.

खरा प्रश्न त्यापुढच्या पैशाचा.

लाइफटाइम आयसा १८ ते ३९ या वयातच उघडता येतो. वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत, पन्नाशी गाठेपर्यंत भरता येतात, आणि सरकार त्यावर २५ टक्के घालतं. पैसे काढायचे ते साठीनंतर, किंवा ४,५०,००० पौंडांपर्यंतच्या पहिल्या घरासाठी. वर्षभरही जगण्याची आशा नाही असा आजार वगैरे सोडता इतर कारणाने काढलेत तर एकूण रकमेतून २५ टक्के कापले जातात. हे कलम नीट वाचा: १,००० चे बोनससह १,२५० झाले, त्यातून ३१२.५० गेले, हातात ९३७.५०. बोनस तर जातोच, वर पदरचे ६२.५० जातात.

आता हिशेब. गुंतवणुकीची वाढ दोन्हीकडे सारखीच धरू. २० टक्के कराच्या पट्टीतल्या माणसाने ८० पौंड बाजूला टाकले की दोन्हीकडे त्याचे १०० होतात. पेन्शन काढताना चौथा हिस्सा करमुक्त, उरलेल्या ७५ वर २० टक्के कर, म्हणजे हाती ८५. आयसातून पूर्ण १००. पगारातून परस्पर वळते करण्याची सोय (सॅलरी सॅक्रिफाइस) असेल तर नॅशनल इन्शुरन्सही (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) वाचतो आणि पेन्शनचे ८५ सुमारे ९४ होतात. तरीही आयसा पुढेच. (एप्रिल २०२९ पासून ही इन्शुरन्सची बचत वर्षाला २,००० पौंडांपर्यंतच मिळणार आहे.)

निवृत्तीत वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत करच नाही, मग पेन्शनवर कर कशाला धरायचा? कारण २०२५-२६ ची पूर्ण सरकारी पेन्शनच आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे १२,००० होती. करमाफी जवळजवळ सरकारी पेन्शनच खाऊन टाकते.

पगार ५०,२७० च्या वर गेला की पारडं फिरतं. सॅलरी सॅक्रिफाइस असेल तर ४० टक्के कर आणि २ टक्के इन्शुरन्स वाचल्यामुळे पेन्शनमधले १०० पौंड ५८ ला पडतात आणि शेवटी हाती ८५ येतात. तेच ५८ आयसात ७२.५० होतात. इथे माझं मत सरळ आहे: पेन्शन. कपात कर लावून झाल्यावर होत असेल तर वरची २० टक्के सवलत स्वतः मागावी लागते, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. स्कॉटलंडमध्ये कराच्या पट्ट्या वेगळ्या, तिथे हिशेब पुन्हा करा.

परतायचं ठरलेल्यांनी पीएफची सवय डोक्यातून काढावी. नोकरी सोडली, देश सोडला म्हणून ही पेन्शन मोडता येत नाही. नाव घातल्यापासून महिन्याभरात बाहेर पडलात तरच वाटा परत मिळतो. एरवी ५५ वर्षांपर्यंत थांबायचं, एप्रिल २०२८ पासून ५७. सरकारी पेन्शनसाठी किमान १० वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स लागतो, आणि भारतात राहिलात तर ती दरवर्षी वाढत नाही, सुरुवातीच्या आकड्यावरच गोठते. आयसाचंही परतणाऱ्यांशी फारसं जमत नाही. परदेशी स्थायिक झालात की त्यात भर घालता येत नाही, आणि त्याची ब्रिटिश करमाफी भारताच्या आयकराला बंधनकारक नाही. नोकरी जाण्याची धास्ती असेल तर आणखी एक: युनिव्हर्सल क्रेडिट (बेकारीत किंवा कमी उत्पन्नात मिळणारी सरकारी मदत) मागताना आयसातली रक्कम तुमची बचत म्हणून मोजली जाते, पेन्शनची नाही.

राहणार की परतणार हे नक्की नसेल आणि चाळिशी जवळ आली असेल, तर वाढदिवसाआधी थोडे पैसे घालून आयसा उघडून ठेवा. निर्णय नंतर घेता येईल, पण खातं नंतर उघडता येणार नाही.