विठ्ठलाचं लाइव्ह दर्शन : आईसाठी लावलं, त्याचा अनुभव

पंढरपूरच्या मंदिर समितीच्या वेबसाईटवर विठ्ठल-रुक्मिणीचं लाइव्ह दर्शन असतं, त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आमच्या घरी ते लागलं कोरोनात आणि आजही चालू आहे.

आई माळकरी. आळंदीहून बावीस वर्षं पायी गेलेली. 17 मार्च 2020 ला मंदिर भाविकांसाठी बंद झालं तेव्हा तिला वाटलं चैत्रापर्यंत उघडेल, मग वाटलं आषाढीला तरी नक्की. आणि शेवटी माऊलींच्या पादुका 30 जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, फुलांनी सजवलेली बस, आत मोजकी माणसं, ते टीव्हीवर बघून आई उठून आतल्या खोलीत गेली ती जेवायलाच आली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "रोज एवढी माणसं बघायची सवय त्याला, आता एकटाच उभाय गं तो." म्हणजे आम्हाला वाटत होतं तिचं दर्शन चुकलं म्हणून ती रडतीये आणि तिला काळजी वाटत होती देवाची. त्याच रात्री मी तिच्या फोनवर लाइव्ह दर्शन लावून दिलं.

पहाटे काकड्याच्या वेळेला आंघोळ करून ती फोन पाटावर ठेवायची, खाली धुतलेलं वस्त्र, समोर तुळस. चित्र चांगलं दिसतं, पोशाख, गळ्यातला हार, कपाळावरचा गंध, सगळं. खरं सांगायचं तर रांगेत दहा-बारा तास उभं राहून पायाशी जे दोन-तीन सेकंद मिळतात त्यात मुखाकडे नीट बघणं होतच नाही. आई म्हणायची इतक्या वर्षांत एवढं शांतपणे मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. अडचण एकच झाली, आणि ती रोज व्हायची. ती डोकं टेकवायला वाकायची, कपाळ स्क्रीनला लागायचं आणि पेज बंद! पहिल्यांदा झालं तेव्हा ती इतकी घाबरली, तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. मग भावाने जुना लॅपटॉप देवघरात ठेवून दिला, त्याला टचस्क्रीन नाही त्यामुळे खुशाल डोकं टेकवा. नेट अधूनमधून अडकायचं पण ते आमच्या गावचं रडगाणं आहे, दर्शनाला दोष नाही.

आता जे जमलं नाही ते पण लिहिते. आईच्या भजनी मंडळाने व्हिडिओ कॉलवर हरिपाठ सुरू केला होता. चौदा-पंधरा बायका, प्रत्येकीचा आवाज मागेपुढे पोचणार, त्यामुळे एकत्र म्हणणं होईना. आणि त्या अॅपला टाळाचा आवाज म्हणजे गोंगाट वाटायचा, टाळ वाजला की ते आवाजच कापून टाकायचं. टाळाशिवाय हरिपाठ, विचार करा. शेवटी असं ठरलं की एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद करून आपापल्या घरी टाळ धरायचा. दीड वर्ष केलं त्यांनी तसं. त्यातल्या दोघी दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यांच्या दहाव्यालासुद्धा कोणाला जाता आलं नाही, त्या दिवशी हरिपाठ मात्र झाला.

घरपोच प्रसाद देणारं एक खासगी अॅप पण वापरून बघितलं, नाव घेत नाही. पैसे आधी घेतले, डबा तीन आठवड्यांनी आला, त्यावर कुठल्या देवळाचं नावच नाही. आईने तो देवापुढे ठेवलाच नाही. असल्या ठिकाणी पैसे घालू नका.

16 नोव्हेंबर 2020 ला दिवाळी पाडव्याला मंदिर उघडलं, ऑनलाइन पास काढून लांबून मुखदर्शन, पण 65 च्या वरच्यांना प्रवेश नव्हता आणि आई 67 ची. नियम बरोबरच होता पण तिला सांगताना माझाच आवाज फुटेना. पायांवर डोकं ठेवून दर्शन सुरू झालं ते थेट 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याला. आम्ही त्यानंतर आठवड्याने गेलो. तिने पायांवर डोकं ठेवलं आणि बाहेर आल्यावर कितीतरी वेळ तळहात उघडा धरून बसली होती, पाणीसुद्धा घेईना हातात. हे लाइव्हमध्ये नाही मिळत आणि मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

तरी पाचपैकी साडेचार स्टार देईन. आता गुडघ्यांमुळे तिची पायी वारी कायमची बंद झालीये, तरी लॅपटॉप रोज पहाटे लागतो. घरात असं म्हातारं माणूस असेल तर आजच लावून द्या, फक्त फोनवर नको, टच नसलेली मोठी स्क्रीन घ्या, आणि ती जरा खाली ठेवा म्हणजे बसल्या जागी डोकं टेकवता येईल.